ती व्यक्ती, तो इसम आणि ते बाईमाणूस

प्रश्न असा आला आहे की, ज्याच्याविषयी लिहायचे तो पुरुष असल्याचे ठाऊक असताना ‘तो व्यक्ती पळून गेला’ असे लिहावे की ‘ती व्यक्ती पळून गेली’, आणि व्यक्ती या शब्दाऐवजी माणूस, मनुष्य, इसम, असामी यांपैकी कोणताही शब्द वापरला तर चालेल काय. पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत देता येते: मराठीत व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ती व्यक्ती पळून गेली, मग ती व्यक्ती झुपकेदार मिशांचा पहिलवान का असेना. ‘तो व्यक्ती’ हे रूप दिवसातून दहा वेळा कानांवर आदळते आणि दर वेळी तितकेच खुपते, कारण ते हिंदीतून जसेच्या तसे उचललेले आहे. हिंदीने हा शब्द पुल्लिंगी मानला, तो हिंदीचा अधिकार आहे. उलट, हिंदीत आत्मा आणि देह हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. आपल्याकडे मात्र आत्मा ‘तो’ आणि देहही ‘तो’च.

काही जाणकार म्हणवणारे असा पक्ष मांडतात की, पुरुषाविषयी बोलताना स्त्रीलिंग वापरणे तर्काला धरून नाही, सबब हा शब्द उभयलिंगी मानावा. हे मत मला मुळीच मान्य नाही. शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संस्कृतात पत्नीसाठी दार (पुल्लिंगी), भार्या (स्त्रीलिंगी) आणि कलत्र (नपुंसकलिंगी) असे तीन शब्द शेजारी शेजारी नांदतात, यावरूनच दिसते. व्यक्ती या शब्दात ‘वि’ हा उपसर्ग, ‘अञ्ज्’ हा धातू आणि ‘क्तिन्’ हा प्रत्यय आहे, आणि हा प्रत्यय सांगणारे पाणिनीचे सूत्रच मुळी ‘स्त्रियां क्तिन्’ (३.३.९४) असे आहे. गती, मती, उक्ती, मुक्ती, शक्ती ही सगळी याच प्रत्ययाची अपत्ये; ‘तो शक्ती’ असे कोणी म्हणत नाही. पती हा शब्द पुल्लिंगी कसा, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की तो ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून, निराळ्या प्रत्ययाने झालेला आहे.

अलीकडे ‘जी व्यक्त होते ती व्यक्ती’ अशी व्युत्पत्तीही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. ती चुकीची आहे. क्तिन् प्रत्ययाने येथे कर्ता नव्हे, तर क्रिया सांगितली जाते. व्यक्ती म्हणजे मुळात प्रकट होणे, डोळ्यांना दिसू लागणे. गीतेच्या ७ व्या अध्यायात ‘अव्यक्तं व्यक्तिमापन्नम्’ असे म्हटले आहे, तेथे हाच अर्थ आहे. अंजन, अभ्यंग आणि व्यंजन हे तिन्ही शब्द याच अञ्ज् धातूचे. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, पाणिनीच्या ‘लुपि युक्तवद् व्यक्तिवचने’ (१.२.५१) या सूत्रात वचन म्हणजे आपल्या ओळखीचे वचनच, आणि व्यक्ती म्हणजे चक्क लिंग! ज्या शब्दाच्या लिंगावरून आपण भांडतो, तोच शब्द व्याकरणात एके काळी लिंगाचे नाव होता, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते सूत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

पण या सर्व शब्दांत मला सर्वांत प्रिय आहे तो इसम. ‘इस्म’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘नाव’. बिस्मिल्ला या शब्दात, म्हणजे ‘अल्लाच्या नावाने’ या अर्थात, हाच इस्म दडलेला आहे. इस्मचे अनेकवचन ‘अस्मा’ आणि त्या अनेकवचनाचेही अनेकवचन ‘असामी’. म्हणजे आपण ज्यांना दोन निराळे शब्द समजतो, ते इसम आणि असामी एकाच शब्दाची रूपे आहेत, आणि दोनदा अनेकवचन झालेली असामी मराठीत येऊन पुन्हा एकटी झाली. नावाचा माणूस कसा झाला, याविषयी माझे मत असे आहे की हे काम हिशेबाच्या दप्तरांनी केले असावे. यादीत नावे उतरवायची, नावे मोजायची, आणि ‘इतकी नावे’ म्हणता म्हणता ‘इतकी माणसे’ असा अर्थ रूढ व्हायचा. दरडोई या शब्दात आपण डोकी मोजतो, खाणारी तोंडे आणि राबणारे हात मोजतो. तेथे नावे मोजली गेली तर त्यात अस्वाभाविक काही नाही. या दृष्टीने ‘अनोळखी इसम’ हे शब्द पाहावेत: ज्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी भाषेने ‘नाव’ हाच शब्द राखून ठेवला आहे. इसम परका म्हणून काढून टाकावा आणि सगळीकडे व्यक्ती लिहावे, असा आग्रह धरणाऱ्यांना आपण काय पुसून टाकत आहोत याची कल्पना नसते. शिवाय, पुरुषाला स्त्रीलिंगी शब्द चालत नाही म्हणणारे ‘बडी असामी’ मात्र बिनदिक्कत म्हणतात.

आता अदलाबदलीविषयी. मानव म्हणजे सगळी जात. मनुष्य हा मनुष्यबळ, मनुष्यवध अशा समासांत शोभतो. इसम पंचनाम्यात योग्य, पण घरी आलेल्या पाहुण्याला इसम म्हटले तर तो अपमान ठरेल. तेथे गृहस्थ हवा. माणूस मात्र फार लवचीक आहे. ‘तो माणूस’ पुल्लिंगी, पण अनेकवचनात ‘ती माणसे’ नपुंसकलिंगी होतात, आणि ‘घरात म्हातारे माणूस आहे’, ‘ते बाईमाणूस एकटे काय करणार’ या वाक्यांत एकवचनही नपुंसकलिंगी होते. अशा ठिकाणी बोलणाऱ्याचा जिव्हाळा किंवा काळजी त्या लिंगातूनच कळते, आणि व्यक्ती हा शब्द घातला की ती नाहीशी होते.

मध्यंतरी एक सूचना माझ्याकडे तपासायला आली होती: ‘सदर व्यक्ती घरातून निघून गेला असून त्याच्या अंगात निळा सदरा आहे.’ व्याकरणाप्रमाणे ‘निघून गेली असून तिच्या अंगात’ असे केले असते, तर वाचणाऱ्यांनी एखाद्या बाईचा शोध घेतला असता. म्हणून मी व्यक्ती हा शब्दच काढला आणि लिहिले: ‘सदर गृहस्थ घरातून निघून गेले असून त्यांच्या अंगात निळा सदरा आहे.’