त्याची सही त्यालाच करू दे

मिरजेहून आलेल्या पत्रातली मुलगी जानेवारीत लग्न करतेय, तिथल्याच चर्चमध्ये. मुलगा साताऱ्याचा, नोकरी पुण्यात. तक्रार सगळी पाळकसाहेबांची. संध्याकाळी साडेसातची वेळ देत नाहीत, आत ड्रोन उडवू देत नाहीत, तीन रविवार मंडळीपुढे नावं वाचणार म्हणतात. "फॉर्म मी भरून दिला, त्याची सहीपण मीच केली, तरी कितीतरी वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, त्यांना पाठवा. मुद्दाम अडवतात का हो, ताई?"

नाही गं. साडेसातचं आधी उरकते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या दहाव्या कलमात लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात आहे. विशेष परवान्याचे अपवाद सोडले, तर पाळकसाहेबांच्या हातात काही नाही. लायटिंगमधले फोटो रिसेप्शनला काढ. आणि ड्रोन? तुम्ही वचनं देताय आणि डोक्यावर घरघर चाललीय, शोभेल का?

आता त्या सहीकडे येऊ. एवढ्या लांबलचक पत्रात ते वाक्य तू हळूच सरकवलंस. अगं, इतकी वर्षं लग्नं लावणाऱ्या माणसाला एकाच पेनातल्या, एकाच वळणाच्या दोन सह्या ओळखू येणार नाहीत? म्हणून ते कागद बघत बसले. तुझ्या आईसमोर तुला खोटं पाडलं नाही, नुसतं "त्यांना पाठवा" म्हणाले. आणि तू त्यांच्याच नावानं बोटं मोडतेस.

"तो बिचारा फार बिझी असतो" असं दोनदा लिहिलंयस. मला त्याची अजिबात कीव येत नाही. हॉल तू बघितलास, केटरर तू ठरवलास, त्याच्या साताऱ्याच्या चर्चमधून सभासदत्वाचा दाखला आणायला तुझा भाऊ गेला. साखरपुडा झाल्यापासून त्यानं काय केलं ते पत्रात शोधलं, तर सापडलं एवढंच: "तू बघ ना, तुला जमतं." लग्नासाठी जाणूनबुजून खोटं निवेदन देणं हा याच कायद्यात गुन्हा आहे. उद्या कुणी विचारलंच, तर अक्षर तुझं निघेल, त्याचं नाही.

आजच फोन कर त्याला. शनिवारी रात्री पुण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसला की उजाडायला मिरज. रविवारची उपासना संपली की दोघं पाळकसाहेबांकडे जा. जुना फॉर्म तू परत माग, सही मी केली होती हे स्वतःच्या तोंडानं सांग, आणि कोरा फॉर्म त्याच्यापुढे ठेव. तो भरताना मधे बोलायचं नाही. बाप्तिस्म्याची तारीख आठवत नसेल, तर त्यानं आपल्या आईला फोन लावावा.

"या रविवारी नाही जमत" म्हणाला, तर हॉलचा पुढचा हप्ता भरू नकोस.