फावला वेळ, फुरसत आणि घटकाभर पाणी

प्रश्न असा आला आहे: "दोन कामांच्या मधे पाच-दहा मिनिटं सुटी सापडतात. ती कारणी लावायची, तर त्या वेळाला नेमका मराठी शब्द कोणता? 'फावल्या वेळेत' म्हटलं की रिकामटेकडेपणाचा वास येतो."

आधी ते 'वेळेत' दुरुस्त करू या, कारण हल्ली जिथे तिथे तेच कानावर येतं. 'तो वेळ' म्हणजे काळाचा अवधी, 'ती वेळ' म्हणजे नेमका क्षण किंवा प्रसंग. माझा वेळ गेला, पण जेवायची वेळ झाली. गाडी वेळेत येते, माणूस मात्र वेळात वेळ काढून येतो. फावतो तो अवधी, म्हणून फावल्या वेळात. हा भेद सुटला की माणसं 'वेळ मारून नेणे' हा प्रयोगही टाइमपास करण्यासाठी वापरू लागतात. अडचणीच्या प्रसंगातून कशीबशी सुटका करून घेणं म्हणजे वेळ मारून नेणं. तिथे वेळ स्त्रीलिंगी आहे आणि तिचा फुरसतीशी काडीचा संबंध नाही.

आता रिकामटेकडेपणाचं. 'फावला'चा 'फालतू'शी संबंध जोडणाऱ्यांनी 'चोरांचं फावलं' हे वाक्य आठवावं. चोर रिकामे बसलेले नसतात, त्यांना संधी मिळालेली असते. जुन्या मराठीत फावणे म्हणजे मिळणे, हाती लागणे, साधणे. तेव्हा फावला वेळ म्हणजे हाती लागलेला वेळ. तुम्ही विचारता त्या पाच-दहा मिनिटांना याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

सवड आपण काढतो. उसंत दम खायला मिळते, आणि 'उसासा' जसा उच्छ्वासातून आला तशी उसंतही श्वासाच्याच कुळातली असावी, असं माझं मत आहे. ते बाजूला ठेवतो, कारण मला बोलायचं आहे फुरसतीबद्दल.

फुरसत फारसीतून आली, फारसीत अरबीतून. अरबी 'फुर्सा' म्हणजे संधी, आजही तोच अर्थ. पण त्या भाषेचे जुने कोश आणखी एक अर्थ नोंदवतात. एकाच पाणवठ्यावर अनेकजण अवलंबून असले की पाणी भरायच्या पाळ्या लावायच्या; त्यातली आपली पाळी म्हणजे फुर्सा. किती नेमकं आहे हे! पाणी थोडा वेळच आपलं असतं, मागे दुसरा उभा असतो, आणि तेवढ्यात भांडं भरून घ्यायचं असतं.

आणि भांडं म्हटलं की घटका आलीच. घटिका म्हणजे मुळात लहानसा घट. काळ मोजायला तांब्याची वाटी घेत, तिच्या बुडाला बारीक भोक असे. ती पाण्यावर तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं, काठ हळूहळू पाण्याच्या पातळीला येतो आणि वाटी एकदम बुडते. ती झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस-रात्र. 'त्याची घटका भरली' असं आपण म्हणतो तेव्हा भरते ती हीच वाटी. घडी, घडीभर, घड्याळ ही सगळी याच घरातली.

आता 'घटकाभर फुरसत' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. एक संस्कृतातून आलेला, दुसरा अरबीतून, आणि दोघांच्या पोटात पाणी: पाणवठ्यावरच्या आपल्या पाळीत एक छोटं भांडं भरेल एवढा वेळ! ही जोडी कोणी ठरवून लावलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण मराठीच्या तोंडी ती इतकी सहज बसली, याचा मला मनापासून आनंद होतो.

म्हणूनच 'फुरसत परकी, ती टाका, सवड म्हणा' हा आग्रह मला मान्य नाही. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे स्वतःच भाषाशुद्धीचा कैवार घेतला. त्यांच्या व्यासंगापुढे मान लववूनही मी भाषाशुद्धीच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. फुरसतीच्या जागी सवड घातली की पाळी जाते, पाणी जातं, मागे ताटकळणारा माणूसही जातो. आणि जे कोश 'फुरसत' शब्दापुढे 'रिकामा वेळ' एवढंच लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात, ते तर अर्थ उलटा करून ठेवतात. रिकामं असतं ते भांडं. वेळ भरलेलाच असतो.

तर तुमच्या त्या पाच-दहा मिनिटांना 'फावला वेळ' म्हणा, बोलताना 'घटकाभर फुरसत' म्हणा. आणि विभक्ती लावताना तेवढं 'वेळात' लिहा.