अकाली ठोक्यांवर औषध घ्यावे की नाही?

होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजी यंत्रात) दिवसाला तीन-चार हजार अकाली, म्हणजे वेळेआधी पडणारे हृदयाचे ठोके आढळले, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला आणि तरीही डॉक्टरांनी गोळी दिली नाही, हे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. मला स्वतःला हा त्रास आहे. आपण दिलेल्या माहितीवरून हा निर्णय मला योग्य वाटतो.

छातीत जाणवणारा धक्का बहुधा अकाली ठोक्याचा नसतो. हृदय पुरते भरण्याआधीच पडल्यामुळे तो ठोका हलका असतो. त्यानंतरच्या खंडात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा नियमित ठोका जोरात आदळतो. म्हणूनच धक्का किती जोराचा, यावरून धोका ठरत नाही. तो ठरतो हृदयाच्या अवस्थेवरून आणि काही अंशी प्रमाणावरून. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते. त्यांपैकी खालच्या कप्प्यांतून येणारे अकाली ठोके दीर्घकाळ १० टक्क्यांहून अधिक राहिले, तर काही जणांची पंपिंग क्षमता घटू शकते. आपण त्या प्रमाणाच्या बरेच खाली आहात.

आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावे. अपुरी झोप, मद्य आणि, ज्यांना बाधते त्यांच्यासाठी, कॉफी हीही कारणे असतात. त्रास असह्य असेल तर मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि जोर कमी करणारे औषध) सहसा पहिला दिला जातो. त्याने धडधड सुसह्य होते, ठोके पूर्ण थांबतीलच असे नाही.

ठोके दडपणारी अधिक जोरकस औषधे मात्र सरसकट देत नाहीत, आणि त्यामागे मोठा धडा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड यांनी अकाली ठोके कमी केले, पण औषध घेणाऱ्यांचे मृत्यू वाढले. १९८९ मध्ये त्या औषधांचा भाग थांबवावा लागला. निरोगी हृदयात फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

प्रमाण फार जास्त असेल, औषध लागू पडत नसेल किंवा पंपिंग घटू लागले असेल, तर कॅथेटर ॲब्लेशनचा विचार होतो: जांघेतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन ठोके उगम पावणारी जागा निकामी करतात. ठोके एकाच जागेहून येत असतील तर यश चांगले मिळते.

शुद्ध हरपली, व्यायाम करताना ठोके वाढले किंवा कुटुंबात तरुण वयात कोणाचा आकस्मिक मृत्यू झालेला असेल, तर हे डॉक्टरांना लगेच सांगावे. एरवी पुढचा होल्टर आणि इको कधी करायचा, एवढे त्यांच्याकडून निश्चित करून घ्यावे.