दुसरी चावी घेऊन गॅरेजात जाऊ नका

प्रश्न : जुन्या सेडानच्या बॉनेटवर फायबरचा स्कूप (हवा आत घेणाऱ्या तोंडासारखा उंचवटा) बसवून, सांधा अजिबात दिसणार नाही असा तो पत्र्यात मिसळून द्यायचं ५० हजारांत ठरलं. ३८ हजार दिले. गाडी आणायला गेलो तर उन्हात सांधा स्पष्ट दिसतोय, एका कोपऱ्यात भेगही आहे. गॅरेजवाला म्हणतो, उरलेले १२ हजार द्या, मगच गाडी. दुसरी चावी माझ्याकडे आहे. गाडी काढून आणू का?

उत्तर : नका, कृपा करून असं करू नका. गाडी तुमच्या नावावर असली तरी या एका गोष्टीने तक्रारदाराचे तुम्ही आरोपी व्हाल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, दिलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे मेहनत आणि कौशल्य खर्च करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. चोरीच्या व्याख्येखाली एक उदाहरण १८६० च्या दंडसंहितेत होतं, ते आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही आहे. दुरुस्तीच्या पैशांसाठी घड्याळजीने कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं घड्याळ, त्याचं तारण बुडवण्यासाठी मालकानेच काढून नेलं, तर ती चोरी.

कामच बिघडलंय, मग मजुरी कसली, असं तुम्ही म्हणाल. मुद्दा बिनतोड आहे, पण तो जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडायचा. आज १२ हजार यूपीआयने भरा आणि त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : ‘कामाबद्दलची तक्रार व माझे सर्व हक्क राखून ही रक्कम देत आहे.’ गाडी हलवण्याआधी दिवसाउजेडी सांध्याचा व्हिडिओ काढा. ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या कागदावर सही करू नका.

मग दुसऱ्या डेंटरकडून लेखी तपासणी करून घ्या. जुना रंग पत्र्यापर्यंत घासला होता का, पुट्टी किती जाड भरली आहे, आणि बॉनेटच्या आतली चौकट कापली आहे का? मला खरी काळजी या शेवटच्या प्रश्नाची वाटते. टक्कर झाल्यास बॉनेट ठरल्या जागी दुमडावं अशीच ती चौकट घडवलेली असते. ती कापली असेल तर गाडी हायवेवर नेऊ नका.

सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

समोरचा वकील मात्र विचारेल : हा बदल तरी कायदेशीर होता का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कडकपणे लावली. कलम १८२अ (४) खाली अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्कूप ही नुसती शोभा की रचनेतला बदल, यावर वाद घालता येईल, पण तुमच्या गाडीवर तो प्रयोग व्हावा असं मला वाटत नाही. बॉनेट बिजागऱ्यांना बोल्टने बसवलेलं असतं, सुटं होतं. कंपनीचं मूळ बॉनेट बसवून घ्या, त्याचं पक्कं बिल घ्या आणि त्या खर्चाची भरपाईही तक्रारीत मागा. स्कूपचं बॉनेट मात्र भंगारात देऊ नका. निकाल लागेपर्यंत तोच तुमचा मुख्य पुरावा आहे.