कारचा जुना स्टिरिओ घरी लावताना

सगळ्यात आधी पॉवर सप्लाय नीट निवडा. सीसीटीव्हीचा २ अँपिअरचा अडॅप्टर चालणार नाही. आवाज वाढवला की बेसच्या ठोक्याला व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) घ्या. त्याच्या २३० व्होल्टच्या स्क्रूंवर झाकण हवंच, आणि अर्थिंग जोडायचं टाळू नका.

बहुतेक सेटमध्ये पिवळी वायर मेमरीची, लाल चावीची (गाडीची चावी फिरवली की सेट चालू करणारी), काळी निगेटिव्ह. तरी वरच्या स्टिकरवरची आकृती बघूनच जोडा. पिवळी १० अँपिअरच्या फ्यूजमधून थेट १२ व्होल्टला, लाल मध्ये एक स्विच टाकून तिथेच. पिवळी आणि लाल एकत्र करून भिंतीवरच्या बटणाने बंद केलंत, तर दर वेळी स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जाईल.

स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकमेकींना किंवा काळ्या वायरीला कधीही जोडू नका. या सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं अँप्लिफायरच चालवतो. निगेटिव्ह ग्राउंड केली की आउटपुट आयसी (अँप्लिफायरची चिप) जळू शकतो. स्पीकर ४ ओहमचे किंवा त्याहून जास्त घ्या. सेटच्या पुढच्या बाजूवर छापलेले '५० वॉट × ४' हे कमाल आकडे असतात, सलग मिळतात साधारण २० वॉट. खोलीला तेवढे भरपूर आहेत.

उघडा स्पीकर टेबलावर ठेवला तर बेस येत नाही, कारण मागची हवा पुढच्या लाटेला मारते. १८ मिमी प्लायची बंद पेटी करा. एफएमसाठी ७५ सेंमी वायर पुरते. खरखर आली तर ही वायर एसएमपीएसपासून लांब न्या.