संरक्षित ग्रामीण भागातही घरं का वाढत राहतात, आणि हरकत नेमकी कशावर घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: परिसर संरक्षित निसर्गप्रदेश म्हणून जाहीर झालेला असूनही दरवर्षी नवी घरं उभी राहतात, विरोध केला की ‘तुम्हाला घर आहे, दुसऱ्यांना नको का?’ असं ऐकवलं जातं. मग त्या दर्जाला अर्थ काय, आणि सरसकट बांधकामबंदी का नाही?

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम केलं आहे, त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू जवळून ऐकल्या आहेत. बंदीचा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात फार काही नाही. ‘संरक्षित’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अभयारण्य येतं. पण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या वर्गवारीत संरक्षित भूदृश्यांसाठी वेगळा, पाचवा वर्ग आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणि निसर्ग यांच्या देवाणघेवाणीतून घडलेले प्रदेश त्यात येतात. शेतं, बांध, कुरणं, जुन्या वाटा, आटोपशीर वस्त्या हीच तिथली संपत्ती, आणि ती टिकते तिथे कसणारी, गुरं राखणारी माणसं राहतात म्हणून. त्यांच्या मुलांना, शेतमजुरांना, शाळेतल्या शिक्षकांना घरं लागणारच. ती नाकारली तर काही वर्षांत चित्रासारखा सुंदर पण रिकामा प्रदेश उरेल.

म्हणजे ‘घरं नकोत’ ही भूमिका टिकत नाही, आणि समोरचे लोक तुम्हाला नेमकं त्याच कोपऱ्यात ढकलतात. तिथे जाऊ नका. गोची वेगळीच आहे. जी घरं बांधली जातात ती बहुतेकदा या लोकांसाठी नसतात.

एखाद्या भागाला संरक्षित दर्जा मिळाला की तिथल्या प्रत्येक भूखंडाला एक अलिखित हमी मिळते: समोर कारखाना येणार नाही, डोंगराचा देखावा झाकला जाणार नाही. ही हमी सरकार देतं, जमीन विकणाऱ्याला ती फुकटात मिळते आणि तो तिचे पैसे करतो. दूरच्या शहरात कमावणारा माणूस सुट्टीच्या घरासाठी जे मोजू शकतो, ते गावात कमावणाऱ्याला कधीच परवडत नाही. म्हणून ‘घरं वाढवा म्हणजे स्वस्त होतील’ हे साधं गणित अशा ठिकाणी फसतं. मागणी गावापुरती नसते, अख्ख्या देशाची असते. नव्याने बांधलेली वीस घरं ती मागणी गिळून टाकते आणि गावातला तरुण होता तिथेच राहतो.

दुसरं, बांधकामाचा अतिरेक एका मोठ्या प्रकल्पातून क्वचितच होतो. मोठ्या प्रकल्पाला सगळे उठून विरोध करतात, वर्तमानपत्रं लिहितात. अतिरेक होतो तुकड्यातुकड्यांनी. आज गोठ्याचं घर, पुढच्या वर्षी रस्त्याकडेचे चार बंगले, मग त्यांच्यामागे ‘आता इथे वस्ती झालीच आहे’ म्हणून आणखी सहा. प्रत्येक अर्ज सुटा तपासला जातो आणि सुटा पाहिला तर तो निरुपद्रवीच दिसतो. कायदेही याला हातभार लावतात, कारण ते बहुतेक वेळा मर्यादा आकाराची घालतात. पश्चिम घाटाचंच पाहा. गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा, आणि २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने तिथे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. मसुद्यात बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या इमारतींवर आणि ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नगरवसाहतींवर. राहत्या घराची दुरुस्ती किंवा वाढ करायला आडकाठी नाही, हे योग्यच आहे. पण प्रकल्प त्या आकड्यांच्या जरा खाली ठेवणं किंवा जमिनीचे तुकडे पाडून वेगवेगळ्या नावांनी अर्ज करणं कुणालाही सुचेल.

इंग्लंडमध्ये आकड्याऐवजी विवेकावर सोडून पाहिलं. तिथे नॅशनल पार्क आणि ‘नॅशनल लँडस्केप’ (२०२३पर्यंत त्यांना ‘विशेष निसर्गसौंदर्याचे प्रदेश’ म्हणत) यांत ‘मोठं’ बांधकाम अपवादात्मक परिस्थितीत आणि सार्वजनिक हित असेल तरच मंजूर करायचं असा नियम आहे. मोठं कशाला म्हणायचं हे परवानगी देणाऱ्याने त्या जागेचा विचार करून ठरवायचं. कल्पना छान आहे. तीस घरं एखाद्या नगराशेजारी किरकोळ ठरतील, चाळीस उंबऱ्यांच्या खेड्यात मोठी. प्रत्यक्षात मात्र विकासकाचा वकील विरुद्ध तोकड्या मनुष्यबळाची स्थानिक परिषद असा सामना होतो. त्यात परिषदेला पुढच्या पाच वर्षांच्या घरांसाठी जमीन उपलब्ध असल्याचं दाखवावं लागतं. ते जमलं नाही तर नकार देताना तिचा हात दुबळा होतो. संरक्षित जमिनीला या हिशेबात काही सवलत आहे, पण मग घरांचा तो आकडा सीमेला लागून असलेल्या शेतांवर जाऊन बसतो. डोंगरावरून दिसायला ते जवळपास सारखंच.

मग कुणी घरांच्या वापरावर बोट ठेवलं का? ठेवलं, आणि इथून गोष्ट खरी गुंतागुंतीची होते. स्वित्झर्लंडने मार्च २०१२मध्ये जनमत घेऊन ठरवलं की कोणत्याही गावात ‘दुसरी घरं’ (मालक कायम राहत नाही अशी) एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत. कौल अगदी काठावरचा होता, ५०.६ टक्के. नवे सुट्टीतले बंगले त्यामुळे अडले. पण त्या तारखेपूर्वीची घरं या बंधनातून मोकळी ठेवली होती. साहजिकच पैसेवाल्यांची नजर जुन्या घरांकडे वळली, म्हणजे नेमकी जिथे स्थानिक माणसं भाड्याने राहत होती तिथे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हसने २०१६मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवलं की नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. सुट्टीवाले गिऱ्हाईक तिथेही जुन्या घरांकडे सरकलं आणि विकासकांचा रस कमी झाला. वेल्सने हे पाहून कर आणि परवानगी दोन्ही बाजूंनी पकड घेतली. २०२२मध्ये कायम राहतं घर, दुसरं घर आणि पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने दिलेलं घर असे तीन वेगळे वापर कायद्यात आणले, आणि एप्रिल २०२३पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा दिली. यात जुनी घरंही सापडतात, म्हणून मला तरी ही दिशा जास्त बरोबर वाटते. अर्थात कर वाचवण्यासाठी कागदोपत्री ‘कायमचे रहिवासी’ होणारे सगळीकडेच निघतात.

एका गोष्टीकडे मात्र विरोध करणाऱ्यांचंही लक्ष कमी जातं, ती म्हणजे सांडपाणी. देखावा, शांतता, रहदारी यांवर हरकतींची पानंच्या पानं भरतात, पण हे सगळे मतांचे विषय ठरवता येतात. ‘तुम्हाला कुरूप वाटतं, आम्हाला नाही’ असं म्हटलं की विषय संपला. मैल्याचं तसं नाही. शुद्धीकरण केंद्राची क्षमता लेखी असते. इंग्लंडमध्ये नद्यांत शेवाळ माजवणारी फॉस्फेट आणि नायट्रेट ही द्रव्यं वाढल्यामुळे २०२२पर्यंत ७४ स्थानिक प्राधिकरणांना सांगण्यात आलं की नव्या घरांमुळे संरक्षित पाणवठ्यांतला भार वाढणार नाही हे दाखवा, मगच परवानगी. हजारो घरं त्यावर अडली. सुंदर देखाव्याच्या युक्तिवादाने जे जमलं नव्हतं ते फॉस्फेटने करून दाखवलं! डोंगराळ भागात याच्याच जोडीला उताराचा प्रश्न असतो. रस्त्यासाठी उतार कापला, ओढ्याचं तोंड बुजवलं की नुकसान त्या भूखंडापुरतं राहत नाही, खालच्या वस्तीच्या अंगावर येतं.

तर हरकत लिहिताना ‘आमच्या भागाचं सौंदर्य नष्ट होईल’ या वाक्याने सुरुवात करू नका. ते खरं असलं तरी तुमच्या आधी अनेकांनी लिहिलेलं असतं. गेल्या दहा वर्षांत त्या परिसरात मंजूर झालेल्या सगळ्या परवानग्यांची यादी काढा, त्या नकाशावर मांडा आणि हा अर्ज त्या रांगेतला कितवा आहे ते दाखवा. तुकड्यांनी चाललेला अतिरेक फक्त असाच दिसतो. त्यातल्या किती घरांत वर्षभर माणसं राहतात तेही शोधा. शाळेचा घटता पट आणि वाढती घरं एकाच पानावर आली तर ‘स्थानिकांसाठी घरं’ हा दावा तिथेच उघडा पडतो. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, केंद्राची उरलेली क्षमता किती, हे लेखी विचारा. शेजारच्या भूखंडाचा मालक तोच आहे का, किंवा त्याच कुटुंबातला आहे का, हे जमिनीच्या नोंदींत तपासा.

आणि जमलं तर सोबत एक पर्यायही द्या: गावाला लागून असलेली छोटी जागा, मोजकी घरं, कायम राहणाऱ्यांसाठीच, आणि ही अट पुढच्या विक्रीतही सुटू नये म्हणून दस्तातच नोंदलेली. विकासक बहुधा नकार देईल, कारण त्याचा नफा त्या अटीतच बुडतो. पण त्याचा तो नकार सुनावणीच्या इतिवृत्तात लेखी येईल एवढं पाहा.