विमान हवेत असताना मुशर्रफ यांनी सत्ता कशी काय घेतली?

तुमचा प्रश्न रास्त आहे: १२ ऑक्टोबर १९९९ला पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ कोलंबोहून कराचीला निघालेल्या विमानात होते, मग बंड केलं कोणी?

त्यांच्या हाताखालच्या जनरलांनी. त्या संध्याकाळी पीटीव्ही या सरकारी वाहिनीवर बातमी आली की पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी मुशर्रफना हटवून आयएसआयचे प्रमुख झियाउद्दीन बट यांना लष्करप्रमुख नेमलंय. कारगिलपासून शरीफ आणि मुशर्रफ यांचं फाटलं होतंच. लष्करप्रमुख देशाबाहेर आहे तोवर उरकून टाकू, असा शरीफांचा हिशेब. पण रावळपिंडीचे कोअर कमांडर (तिथल्या मोठ्या सैन्यदलाचे प्रमुख) महमूद अहमद आणि जनरल स्टाफचे प्रमुख अझीझ खान यांनी बटना जुमानलंच नाही. लष्कराची ट्रिपल वन ब्रिगेड ही तुकडी रावळपिंडीतच असते, इस्लामाबाद तिथून हाकेच्या अंतरावर. पीटीव्हीच्या फाटकावर चढून आत उड्या टाकणारे जवान, हा फोटो माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. काही तासांत पंतप्रधान ताब्यात, तेही रक्त न सांडता.

तिकडे विमानाला कराचीत उतरू देत नव्हते. आत जवळपास दोनशे माणसं, त्यात शाळकरी मुलं, आणि इंधन संपत आलेलं. सैन्याने विमानतळ ताब्यात घेतल्यावरच ते उतरलं. त्या मुलांचा विचार केला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मुशर्रफना १९९८ मध्ये ज्येष्ठांना डावलून नेमलं होतं शरीफांनीच. पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनीही १९७६ मध्ये जनरल झिया-उल-हक यांना असंच लष्करप्रमुख म्हणून वर आणलं आणि पुढच्याच वर्षी झियांनी त्यांची सत्ता उलथवली. डावलून वर आणलेला माणूस मिंधा राहील, हा भरवसा दोघांनाही नडला. जनरलची खरी ताकद कोअर कमांडरांत असते, नेमणुकीच्या कागदात नसते.

बहुतेक लोक ही गोष्ट विमानतळावर संपवतात. माझ्या मते बंड पुरं झालं ते कोर्टात. जानेवारी २०००मध्ये न्यायमूर्तींना लष्करी राजवटीच्या हंगामी आदेशाखाली नव्याने शपथ घ्यायला सांगितलं. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बंड वैध ठरवलं, निवडणुकांसाठी तीन वर्षांची मुदत दिली, वर घटनादुरुस्तीची मुभाही दिली. पण तो निकाल देणाऱ्यांत सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दीकी नव्हते. त्यांनी आणि आणखी काही न्यायमूर्तींनी ती शपथ घ्यायला नकार दिला आणि पदं सोडली. मुशर्रफांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, सिद्दीकींचंही लक्षात ठेवा.